राक्षसाच्या तोंडी थोंगदी

पडद्यावरच्या राक्षसाने आगगाडीच्या खिडकीला तोंड लावलं, जबडा वासला आणि सगळ्या नोंगसाई गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आई, मी थोंगदी."

मग जी पळापळ झाली ती काय विचारता! चटयांवर ऐसपैस बसलेली मंडळी ताडकन उठली. कणसं भाजणारी बाई शेगडी तशीच धुमसत टाकून पळाली. कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली, पोरं आयांच्या पदराऐवजी भलत्याच बायकांना बिलगली. आणि म्हातारी केवता, थोंगदीची आई, तेवढी उलट्या दिशेने, पडद्याकडे धावत सुटली. दोन्ही हात पुढे करून ती ओरडत होती, "बाळा! अरे माझ्या बाळा!"

थोंगदीला जाऊन दोन पावसाळे झाले होते. तो रेल्वेत गँगमन होता आणि गावाबाहेरच्या वळणावर रूळ दुरुस्त करताना मालगाडीने त्याला उडवलं होतं. त्याची बायको बुआलाई गावच्या शाळेत शिक्षिका होती. त्या गोंधळात ती एकटीच जागची हलली नाही. शेजारी बसलेल्या योमचा, आपल्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून ती पडद्याकडे बघत राहिली. तिला भीती वाटली नाही की भरून आलं नाही. दाढ काढताना गाल बधिर होतो ना, तसं नवरा गेल्यापासून तिचं सगळं अंगच बधिर झालं होतं, आणि ती बधिरता उतरायचं नाव घेत नव्हती.

"आई, रडू नको," राक्षस म्हणाला. "गाडी आली आणि मी गेलो. मला काही कळलंसुद्धा नाही. दुखलं नाही, आई. पण योमच्या छातीच्या दुखण्यावर त्या सुया टोचतात ना, त्या मला इथे टोचतात. सुया बंद करा. गोळ्या बंद करा. काढा पाजा तिला, काढा."

बुआलाईच्या हातातला योमचा हात गार पडला.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? आमच्याकडे फिरते सिनेमे मुकेच येतात. यंत्राशेजारी एक निवेदक माईक घेऊन बसतो आणि नायक, नायिका, खलनायक, वेळ पडली तर कुत्रासुद्धा, सगळ्यांचे आवाज तोच काढतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी निवेदक सेंगचाय पडद्यासमोर उभा होता. राक्षस बोलायच्या जरा आधीच तो उजेडात आला होता, वायर उपटलेला माईक डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला होता आणि म्हणाला होता, "मंडळी, मला आज बोलवेना. कुणीतरी माझा गळा धरलाय. कुणाला तरी बोलायचंय!" त्याचं तोंड मिटलेलं सगळ्या गावाने पाहिलं होतं. आवाज तरीही बांबूवर बांधलेल्या भोंग्यातून येत होता.

हा सिनेमा मुळात आणवला होता केवतानेच. योमला खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा म्हातारीने पूता आजोबांच्या, म्हणजे गावाच्या राखणदार देवाच्या ठाण्यावर नवस बोलला होता, पोरीचं रक्त थांबू दे, तुम्हाला सिनेमा दाखवीन. इकडे आरोग्य केंद्रातल्या नर्सने योमची थुंकी तपासली, क्षय निघाला, आणि रोजची सुई आणि गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं. पोरगी पुन्हा भात मागून खायला लागली. श्रेय कुणाला? अर्थातच पूता आजोबांना! बुआलाईने वाद घातला नाही. सुया चालू आहेत ना, मग आजोबा बघेनात का सिनेमा, असं तिचं म्हणणं. म्हणून सिनेमाची गाडी बोलावली, पुढच्या चटया आजोबांसाठी रिकाम्या सोडल्या आणि सिनेमा सुरू झाला.

सिनेमा विलायती, जुनापुराणा, आणि चार पैशांत उरकलेला. बर्फातून जाणारी एक आगगाडी, शेवटच्या डब्यात कोंडलेला राक्षस, आणि एकेक करून मरणारे प्रवासी. डबा बहुधा एकच होता. पडदे बदलले की तोच पहिल्या वर्गाचा, खुर्च्या मांडल्या की तोच जेवणाचा. दुरून दिसणारी गाडी खेळण्यातली, हे रेल्वेच्या गावाला कुणी सांगायची गरज नव्हती. नोंगसाईत कुणी बर्फ पडताना पाहिलेला नाही. तो सावरीचा कापूस आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि खरं सांगायचं तर तो कापूसच होता. नरडं दाबून मारलेला एक जाडा प्रवासी पुढच्याच प्रसंगात निवांत चहा पिताना दिसला. राक्षस म्हणजे काळं रबर चढवलेला कुणी उंच गृहस्थ. तो पाठमोरा झाला की मानेपासून कमरेपर्यंत चेन दिसायची.

"अरे, त्याची चेन लावा रे कुणीतरी, गारठेल बिचारा!" थोंगदीचा गँगमधला जोडीदार बुनमा ओरडला होता, आणि अख्खं मैदान पोट धरून हसलं होतं.

मध्यंतरात सेंगचायने औषधाची पेटी उघडली. "आज्यांनो, काकूंनो, मामांनो! खोकला असो, कंबर धरलेली असो, नवरा घरात टिकत नसो, काढा एकच! यात काय काय आहे? सांगणार नाही! सांगितलं तर तुम्ही घरी कराल आणि माझी बायको मला घराबाहेर काढेल!" लोक हसले आणि दोन-चार बाटल्या खपल्या. मध्यंतरानंतर राक्षस बोलला, आणि पेटीत एक बाटली उरली नाही. चेन बघून हसलेली तीच माणसं बाटली छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुआलाईने गोळ्यांचा डबा उघडला, तर तो रिकामा.

"बदकांच्या तळ्यात टाकल्या," केवता म्हणाली. ती चुलीपाशी बसून काढा गाळत होती. "माझ्या लेकाला टोचतंय, आणि मी बघत बसू?"

"आई, औषध मध्येच सोडलं तर दुखणं उलटतं. मग हेच औषध लागू पडत नाही. नर्सने तुमच्यासमोर सांगितलंय."

"नर्स मोठी, की पोरीचा बाप मोठा?"

बुआलाईने योमकडे पाहिलं. "चल, उठ. सुईची वेळ झाली."

"मी नाही येणार." योमने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "बाबांना दुखतं."

"योम, ते बाबा नव्हते."

"तुला कसं माहीत? आजीने ओळखला आवाज. तुला बाबांचं काही वाटतच नाही. तू रडलीसुद्धा नाहीस!"

हे खरं होतं. बुआलाईने सासूसमोर पाट घेतला आणि बसली. शाळेत चुकलेलं गणित तपासतात तसं तिने एकेक पायरी विचारायला सुरुवात केली.

"आई, योमच्या छातीचं, सुयांचं तुम्ही कुणाकुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगू? क्षय काय मिरवायची गोष्ट आहे? गावाला वाटतं साधा खोकला आहे."

"थोंगदी कसा गेला, ते?"

"काल फक्त आजोबांना सांगितलं. नवस फेडायचा तर आजोबांना सगळं सांगावं लागतं. नाव, गाव, कोण आजारी, घरात कोण गेलंय."

"आजोबांना सांगितलंत, म्हणजे निवेदकाला सांगितलंत ना? तोच पुढे आजोबांना कळवतो."

"मग? तो काय माणूस आहे होय? तो नुसता सांगणारा. पोस्टाच्या पेटीला सांगितल्यासारखं ते."

केवता थट्टा करत नव्हती. गावात सगळेच असंच समजतात. ज्या गोष्टी सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत त्या निवेदकाच्या गाडीत, पडद्याआड बसून बिनदिक्कत सांगतात, कारण त्या आजोबांसाठी असतात. ऐकणाऱ्याला दोन कान आहेत, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पण बुआलाईला त्याहून मोठी खूण मिळाली होती, आणि ती सासूला सांगण्यासारखी नव्हती. 'गाडी आली आणि मी गेलो, दुखलं नाही.' हे वाक्य थोंगदीचं नव्हतंच. ते तिचं स्वतःचं होतं. थोंगदीला सकाळी धक्का लागला आणि तो दुपार कलेपर्यंत जिवंत होता. फलाटावर, बुनमाच्या मांडीवर डोकं ठेवून, इस्पितळात नेणाऱ्या गाडीची वाट बघत. तो ओरडत होता, मग ओरडायचाही थांबला. केवता तेव्हा बहिणीच्या गावी होती. ती परतली तेव्हा बुआलाईने तिला सांगितलं होतं, त्याला काही कळलं नाही, दुखलं नाही. बुनमानेही मान हलवली होती. आता मेलेला थोंगदी स्वतः येऊन बोलला असता तर निदान स्वतःच्या मरणाबद्दल तरी त्याने बायकोची थाप सांगितली नसती.

ती तडक बुनमाच्या घरी गेली. नवराबायको भाताचा करंडा मध्ये ठेवून जेवत होती.

"बुनमा काका, तुम्हाला मरावं लागेल," ती म्हणाली.

बुनमाचा घास हातातच राहिला. "आज? आज सुट्टी आहे माझी."

तिने सगळं सांगितलं. 'दुखलं नाही' हे शब्द ऐकताच बुनमाने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या हरामखोराच्या गाडीत मी जातो आणि..."

"तुम्ही नाही जायचं. तुम्ही मेलेले आहात. काकू जातील. जिवंत माणसाला मेलेला म्हणणं अशुभ, मला माहीत आहे. नको वाटत असेल तर राहू दे."

बुनमाची बायको पेंग हात धुऊन उठलीसुद्धा होती. "अशुभ कसलं त्यात! लग्न झाल्यापासून म्हणतेय मी. कुठलं लुगडं नेसू? पांढरं?"

गाडीपाशी सकाळपासून रांग लागली होती. राक्षसाची तशी आज्ञा आहे असं सांगून सेंगचायने मुक्काम वाढवला होता, आणि ज्याच्या त्याच्या घरातल्या मेलेल्यांना एकाएकी बोलायचं होतं. आपल्या मेलेल्या आईशी बोलायचंय, असं रांगेत सांगून पेंग पडद्याआड गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. चांगली तब्बेतीत रडली असावी.

"काय काय सांगितलंत?" बुआलाईने विचारलं.

"तू सांगितलंस तेवढंच," पेंग म्हणाली. "वर थोडं माझं घातलं."

संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली. पूता आजोबांच्या रिकाम्या चटयांच्या मागे, अगदी पुढच्या रांगेत, टोपी कपाळावर ओढून आणि शेंगदाण्यांचा पुडा मांडीवर घेऊन बुनमा बसला. बुआलाई योमला आणि सासूला घेऊन गाडीच्या जवळ बसली. कापसाचा बर्फ पडला, खेळण्यातली गाडी धावली, जाडा प्रवासी मेला आणि चहा प्यायला. या वेळी कुणी हसलं नाही. मध्येच उजेड गेला, यंत्राची काही खुडबुड झाली, पुन्हा चित्र आलं. सेंगचाय उपटलेला माईक घेऊन पुढे आला. राक्षसाने खिडकीला तोंड लावलं आणि जबडा वासला.

"पेंग, मी तुझा नवरा, बुनमा!"

मैदानात चिडीचूप झालं. पुढच्या रांगेत शेंगदाण्याचं टरफल फुटल्याचा आवाज आला.

"गाडीने मला नेलं, पेंग. मी इथे अंधारात आहे. जिवंतपणी मी तुझं एक ऐकलं नाही. दारू प्यायलो. तुझ्या आईला घुबड म्हणालो. मला माफ कर!"

"मी असलं काही म्हणणार नाही!" बुनमा उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. "आणि मी मेलो कधी? मला कुणी कळवलं नाही ते!"

आधी एक बाई किंचाळली, मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. सेंगचाय कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने हात वर केले. "मंडळी, शांत! हे दुसरे बुनमा! परगावचे! नावं सारखी असतात!"

बुआलाई उठली. "मग त्यांनाच विचारू," ती म्हणाली आणि पडद्यापाशी जाऊन राक्षसाकडे बघत, वर्गात विचारतात तशा आवाजात तिने विचारलं, "बुनमा, तुमचं गाव कुठलं?"

"मला माफ कर, पेंग," राक्षस म्हणाला.

"माफ केलं. गाव सांगा."

"काढा घ्या. ज्यांना खोकला आहे त्यांनी काढा घ्या."

"बरं, सोपं विचारते. दोन आणि दोन किती?"

"मी अंधारात आहे, पेंग," राक्षस म्हणाला, आणि मागून शाळेतली पोरं एका सुरात ओरडली, "चार!"

बुआलाई वळली आणि सरळ गाडीकडे गेली. सेंगचाय आडवा आला, तेव्हा बुनमा त्याच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला. तिने काढ्याची खोकी बाजूला केली. मागे घोंगडीखाली टेपरेकॉर्डर होता. त्याची चाकं फिरत होती, आणि त्यातून निघालेली एक वायर भोंग्याच्या यंत्राच्या दुसऱ्या छिद्रात गेली होती. पेटी बाहेर ओढून तिने ती सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि बटण दाबलं.

आवाज थांबला. पडद्यावर राक्षस तोंड उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.

"तो बघा," बुआलाई म्हणाली. "त्याच्या डाव्या डोळ्यावरून जाणारा ओरखडा दर वेळी तिथेच येतो. मागचं मोडकं झाडही तेच. त्या प्रसंगाची फीत कापून टोकाला टोक जोडली आहे. रहाटासारखी ती फिरत राहते. कालही तशीच फिरत होती."

तिने पुन्हा बटण दाबलं. "माफ कर, पेंग," राक्षस म्हणाला. पुन्हा दाबलं. राक्षस मुका झाला.

सेंगचायच्या अंगावर माणसं धावून गेली. बुनमाने त्याला पाठीशी घातलं, नाहीतर त्याची धडगत नव्हती. "मी काय जबरदस्ती केली?" सेंगचाय घाम पुसत म्हणाला. "लोकांना ऐकायचं असतं, बाई. त्यांना हवं असतं तेच मी ऐकवतो."

"माझ्या मुलीला ऐकायचं होतं," बुआलाई म्हणाली. "ती आज सुई न घेता घरी बसली."

तिने त्याच्या हातातून माईक घेतला, वायर जोडली आणि गावाशी बोलली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच लोकांनी ऐकलं.

"योमला क्षय आहे. लपवायचं काही नाही त्यात, औषधाने तो बरा होतो. पडद्याआड तुम्ही जे सांगता ते आजोबा ऐकतात की नाही, मला माहीत नाही. पण मध्ये बसलेला माणूस नक्की ऐकतो. मेलेलं माणूस बोललं तर घाबरू नका, रडू नका, आधी त्याला प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर यंत्र शोधा. उत्तर आलं तर लपलेला माणूस शोधा. काही ना काही सापडेल. आणि चालू औषध बंद करा असं कुणी म्हणालं, मग तो साधू असो, राक्षस असो की तुमचा स्वतःचा नवरा, तर आधी नर्सला विचारा. एवढंच."

घरी येताच केवता जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "काल आला होता माझा लेक. तू पुन्हा नेलास त्याला."

"हो, आई."

"त्या मेल्याने सगळंच खोटं सांगितलं." म्हातारीने वर पाहिलं. "पण ते दुखलं नाही म्हणाला, तेवढं तरी खरं होतं ना? तूच सांगितलं होतंस."

"ते खरं होतं," बुआलाई म्हणाली.

वाचकांपैकी कुणी कडक बुद्धिवादी असतील, तर त्यांनी इथे तिला खुशाल नापास करावं. मी करणार नाही. त्या खोट्याने कुणाची सुई चुकत नव्हती.

सकाळी केवताने कुणी न सांगता योमला उठवलं, तिची वेणी घातली आणि काढ्याची बाटली तळ्यात रिकामी केली. बदकांनी तोंड फिरवलं. आरोग्य केंद्रात नर्सने तिघींनाही फैलावर घेतलं, नव्या गोळ्या दिल्या आणि सुई उकळायला ठेवली. योम बाकावर पालथी झाली.

"आई, मग बाबा बोललेच नाहीत?"

"नाही."

"परत कधीच बोलणार नाहीत?"

"नाही, योम."

योमचे खांदे हलायला लागले. "तुला रडू येत नाही का गं?"

बुआलाईने जरा विचार केला. "नाही येत अजून."

"मला येतंय."

"मग रड," बुआलाई म्हणाली आणि तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "पण हलू नकोस. सुई आत जायला हवी."